मजेचं पुस्तक आधी

नागपूरच्या बेसा-मनीषनगर पट्ट्यात एखादी सोसायटी क्लबहाउसमध्ये पुस्तकांचं कपाट ठेवायचं म्हणते, तेव्हा पैशांवरून वाद होत नाही. वर्गणी निघते, कपाटही येतं. वाद होतो तो आत काय ठेवायचं यावरून, आणि तोही फार लांबत नाही. बैठकीतल्या वजनदार आवाजात ठराव मांडला जातो: पुस्तकं संस्कारक्षम असावीत, दर्जेदार असावीत, उपयोगाची असावीत. खण वयोगटाप्रमाणे करावेत. रहस्यकथा, भूतकथा, कॉमिक्स असला टाइमपास नको. करमणुकीला मोबाइल आहेच. सगळ्यांच्या माना डोलतात. मग थोरांची चरित्रं, यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारी भाषांतरं आणि स्पर्धा परीक्षांचे ठोकळे यांनी कपाट भरतं, त्याला कुलूप लागतं आणि किल्ली चौकीदाराकडे जाते. काही महिन्यांनी तोच आवाज पुढच्या बैठकीत खंत व्यक्त करतो की आजकाल कोणी वाचतच नाही.

ठरावामागचा हेतू वाईट नाही, हे आधीच सांगतो. पोरांच्या हाती काहीतरी चांगलं पडावं असं कोणाला वाटत नाही? पण ज्याला वाचायचंय त्याला न विचारता भरलेलं कपाट बंदच राहणार, आणि त्याचा दोष मग वाचकाच्या माथी मारला जाणार. माझं म्हणणं साधं आहे. पुस्तक सुचवताना पहिली कसोटी एकच असावी: हे वाचताना या माणसाला मजा येईल का? संस्कार, ज्ञान, भाषा यांची पाळी त्यानंतर. ही अट ढिली वाटते, पण पाळायला ती सगळ्यांत कठीण आहे. कसं ते ठरावाचा एकेक मुद्दा घेऊन पाहू.

पहिला मुद्दा संस्कारांचा. मजा आणि संस्कार या दोन वेगळ्या खणांतल्या वस्तू आहेत असं या ठरावात गृहीत धरलेलं आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास काही तसं सांगत नाही. आपल्याच विदर्भापासून सुरुवात करू. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केलं. धर्मपंथाचा ग्रंथ, पण भरला आहे तो प्रसंगांनी: कोण कुठे जेवलं, कोण काय बोललं, कोणाची कशी फजिती झाली. चक्रधरस्वामींना तत्त्व सांगायचं असे तेव्हा ते दृष्टांत देत, म्हणजे गोष्ट सांगत. ऐकणाऱ्याला गोष्ट आवडते, याची त्यांना लाज वाटली नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात या. मराठी छापखान्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत ‘सिंहासन बत्तिशी’ आहे. ती १८१४ मध्ये छापली गेली. आणि ज्या चिपळूणकरांच्या घरातून ‘निबंधमाला’ कडाडली, त्याच घरातून ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आल्या. कृष्णशास्त्र्यांनी काम सुरू केलं, विष्णुशास्त्र्यांनी पुढे नेलं. भाषेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या बापलेकांना जिन, खलिफा आणि उडते गालिचे मराठीत आणण्यात वेळ वाया गेला असं वाटलं नाही. आज ठरावाच्या बाजूनं बोलणारे चिपळूणकरांपेक्षा जास्त सोवळे आहेत काय?

आणि ‘श्यामची आई’? संस्कारांच्या यादीत तिचा नंबर कायम पहिला. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली. तिची बांधणी नीट बघा. प्रकरणांना रात्रींची नावं आहेत: रात्र पहिली, रात्र दुसरी. आश्रमात प्रार्थना आटोपते, मंडळी जमतात आणि श्याम गोष्ट सांगतो. ऐकणारे उद्याची वाट बघत उठतात. अरबी गोष्टींतल्या शहरजादेनं हेच केलं होतं. तिला जीव वाचवायचा होता, गुरुजींना मुलं घडवायची होती. पण दोघांनी भरवसा ठेवला तो उद्याच्या रात्रीच्या ओढीवर. ती ओढ काढून घेतली, तर उरेल ती आईच्या सद्गुणांची यादी, आणि ती कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही. गुरुजींना जे कळलं होतं ते त्यांचं पुस्तक वाढदिवसाला वाटणाऱ्यांनी विसरावं, हे नवलच.

दुसरा मुद्दा वयोगटाचा: सहा ते आठ, नऊ ते बारा, कुमार, प्रौढ. कागदावर छान दिसतं. बेसात हे खण घेऊन उभे राहा आणि काय होतं पाहा. इथल्या वस्तीत गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ अशा ठिकठिकाणांहून आलेली घरं आहेत. कोणी मिहानमध्ये नोकरीला, कोणी सरकारी खात्यात, कोणाचे आईवडील गावचं घर बंद करून इकडे आलेले. पोट्टे बहुतेक इंग्रजी शाळेत. अशा घरातला तेरा वर्षांचा मुलगा इंग्रजी कादंबरी दोन दिवसांत संपवतो आणि मराठीतलं जोडाक्षर आलं की अडखळतो. वयाच्या खणाप्रमाणे त्याला ‘मृत्युंजय’ दिलं, तर विसाव्या पानावर तो हात टेकतो. वाचनाच्या कुवतीप्रमाणे आठ वर्षांच्या मुलाचं पुस्तक दिलं, तर त्याचा अपमान होतो. त्याला हवी असते डोक्यानं त्याच्या वयाची आणि वाक्यांनी सोपी गोष्ट. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे नेमका तिथे उपयोगी पडतो. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश फेणे संकटात उडी मारतो, ‘ट्टॉक’ करतो आणि प्रकरण संपतं तेव्हा पुढचं वाचणं भागच असतं. किंवा नारायण धारपांची एखादी छोटी भयकथा. घाबरायचं असलं की जोडाक्षरं आडवी येत नाहीत.

उलट दिशेनंही खण मोडतात. माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं ‘बाल’ खणात पडतात. पण लहान मुलांशी बोलावं कसं हे ज्यांना उमगत नाही, त्या आईबापांनी ती आधी वाचावीत. त्यांनीच निवडून काढलेले ‘वाचू आनंदे’चे भाग घरातल्या कोणत्याही माणसानं कुठूनही उघडावेत. विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्यांना अधिक कळतात, असा माझा दावा आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. साठीतल्या माणसानं एकदा ते उघडून बसावं. आपलं बालपण सापडेल आणि नातवाशी बोलायला विषयही. छापील वयोगट मुलाला अक्षरं किती येतात एवढंच सांगतो. त्याला भूक कशाची आहे हे त्याला विचारावं लागतं.

तिसरा मुद्दा सगळ्यांत जोरात मांडला जातो: हलकं वाचणारा हलक्यातच राहतो. इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण यात सत्याचा अंश आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार किंवा काळा पहाड यांच्यापुढे न गेलेले वाचक असणारच. मग काय बिघडलं? तो माणूस रोज तासभर मराठी वाचत होता. ठरावातल्या यादीनं किती जणांना तेवढं वाचायला लावलं? शिवाय अर्नाळकरांकडून पुढे गेलेलेही आहेतच. सक्तीच्या यादीतून पुढे गेलेला माणूस मात्र शोधावा लागतो.

आणि हलकं कोण ठरवणार? एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचं आहे. ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हाही लोकांनी गर्दी केली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचं बीज मिळालं ते नारायण धारपांच्या एका कथेतून. ती त्यांनी शाळेच्या पाठ्यपुस्तकात वाचलेली नव्हती. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात गेले असताना एका मित्रानं ती सांगितली आणि पोराची गाळण उडाली. ती भीती त्यांनी पंचवीस वर्षं सांभाळली. ठराव मांडणाऱ्यांच्या कपाटात धारपांना जागा नाही, कारण भूतकथा म्हणजे टाइमपास. नागझिऱ्यात त्या रात्री यादी करणारा कोणी असता तर त्यानं त्या मित्राला गप्प बसवलं असतं.

विज्ञानकथेचंही तेच. तिला मराठीत बरीच वर्षं कोणी गंभीरपणे घेत नव्हतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. बक्षीस मिळालं आणि मागाहून कळलं की लेखक जयंत विष्णु नारळीकर आहेत, आद्याक्षरं उलटी फिरवून स्पर्धेत उतरलेले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं आपलं नाव लपवलं, कारण कथा कथा म्हणून आवडते का हेच त्यांना पाहायचं होतं. मी वर सांगितलेली कसोटी त्यांनी स्वतःहून स्वतःला लावून घेतली.

माझ्या बाजूनं एक कबुली. मजेच्या नावाखाली रद्दीही खपते. घाईत लिहिलेलं, शुद्धलेखनाशी वैर धरलेलं, बाईला मारहाण म्हणजे मर्दानगी असं सुचवणारं पुस्तक मला कपाटात नको. पण ते रद्द करायचं तर वाचून रद्द करा. प्रकार पाहून एका फटक्यात अख्खी रहस्यकथा बाहेर काढणं म्हणजे आळस आहे, त्याला दर्जाचं नाव देऊ नका.

याच्या उलट, गंभीर पुस्तक म्हणजे कंटाळवाणं असंही मी म्हणत नाही. नागपूरकराला त्यासाठी दूर जावं लागत नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, पदरमोड करून, बाबासाहेबांचे ग्रंथ आणि बुद्धावरची पुस्तकं विकत घेतात. ती जड पुस्तकं आहेत. त्यांना ती कोणी वयोगट पाहून दिलेली नाहीत आणि परीक्षेलाही ती नाहीत. आपल्या जगण्यातल्या प्रश्नाला तिथे उत्तर आहे, ही ओढ त्यांना स्टॉलवर आणते. मी मजा म्हणतो ती हीच ओढ. ती झुंजारच्या पाठलागात असते आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्येही असते, कोणाला कुठे सापडेल ते दुसऱ्यानं बैठकीत ठरवू नये.

चौथा मुद्दा उपयोगाचा. बेसापासून सीताबर्डीपर्यंत गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत. एसी, वायफाय, खुर्ची, लॉकर, महिन्याचं भाडं. पुस्तक ज्याचं त्यानं आणायचं. एमपीएससी आणि नीटच्या पोरांना शांत जागा हवी, त्यांची थट्टा करण्याचं कारण नाही. पण त्याच पोरांना सांगितलं जातं की कादंबरी वाचलीस तर वर्ष जाईल, यावर माझा आक्षेप आहे. २००० साली झालेल्या पिसा चाचणीवर ओईसीडीनं जो अहवाल काढला, त्यात आवडीनं वाचणारी पंधरा वर्षांची मुलं वाचनाच्या चाचणीत पुढे दिसली. बेताच्या घरची पण वाचनात रमणारी मुलं, सुखवस्तू घरच्या पण न वाचणाऱ्या मुलांच्या पुढे निघाली. आवडीमुळे गुण वाढले की गुणी मुलांना आवड असते, यावर वाद घालता येतो. पण आवडीनं वाचल्यानं पोरं मागे पडतात, असं त्यातून कोणालाही काढता येणार नाही. रात्री अकराला रील पाहणारा परीक्षार्थी चालतो आणि ‘दुनियादारी’ वाचणारा चालत नाही, हा हिशेब मला कळत नाही. मोबाइलशी झुंजायला तुम्ही व्यक्तिमत्त्व विकासाचं भाषांतर पाठवता, म्हणजे आधीच हरलेला गडी मैदानात उतरवता.

आता अपेक्षित प्रश्न: ठीक आहे, मग सुचवायचं कसं? आणि मराठीत तशी पुस्तकं आहेत कुठे?

सुचवण्याचं तंत्र ग्रंथपालांना ठाऊक होतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले; त्यांचा गाभा हाच की वाचकाची त्याच्या पुस्तकाशी आणि पुस्तकाची त्याच्या वाचकाशी गाठ पडली पाहिजे. महाराष्ट्रानं १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, गावोगाव वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळू लागलं. कमी पडला तो काउंटरमागचा माणूस, ज्याला कोण काय वाचतो हे ठाऊक असतं. त्याच्या पगाराकडे आपण लक्ष दिलं नाही. त्याची जागा याद्यांनी घेतली. ‘प्रत्येकानं वाचावीत अशी शंभर पुस्तकं’ ही यादी मोबाइलवर फिरते ती वाचणाऱ्यासाठी नसते; यादी करणाऱ्याचा तो बायोडाटा असतो.

त्यामुळे समोरच्याला आधी तीन गोष्टी विचारा. शेवटचा कोणता सिनेमा वा मालिका रात्री जागून पाहिली? रिकामा वेळ कशात जातो? एका बैठकीला किती वेळ मिळतो? उत्तरं आली की नावं सुचत जातात.

ताडोबा, पेंचला गाडी काढणाऱ्याला मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ द्या, मग ‘नवेगावबांधचे दिवस’. वनखात्यात आयुष्य काढलेला हा माणूस पक्ष्यांबद्दल लिहितो तेव्हा सफारीच्या जिप्सीतून जे दिसत नाही ते दिसायला लागतं. घरात कुत्री-मांजरी पाळणारी पोर असेल, तर प्रकाश आमटे यांचं ‘रानमित्र’. हेमलकशाचे बिबटे आणि अस्वलं तिला झोपू देणार नाहीत. जामठ्याच्या स्टेडियमवर जाणाऱ्या आणि विदर्भानं तीनदा रणजी जिंकल्याचं रोज सांगणाऱ्या काकांना द्वारकानाथ संझगिरींची क्रिकेटवरची पुस्तकं. स्वयंपाकघरात रमणाऱ्याला ‘रुचिरा’ असतेच. सोबत दुर्गा भागवतांचं ‘खमंग’ ठेवा, पाककृती आणि विद्वत्ता यांचं भांडण नसतं हे समजेल. हातानं काही ना काही बनवणाऱ्याला अनिल अवचटांचं ‘छंदांविषयी’. हॉस्टेलवर राहून आलेल्याला सुहास शिरवळकर. ‘कोसला’ नंतर, त्यानं मागितलं तर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना ‘बनगरवाडी’: छोटी कादंबरी, कोवळा मास्तर आणि धनगरांची वाडी, पहिल्या नेमणुकीचे दिवस आठवतील.

गावचा वाडा विकून किंवा विकण्याच्या वाटाघाटीत अडकून इकडे फ्लॅट घेतलेल्या घरानं महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ मोठ्यानं वाचावं, एकेकानं एकेक पात्र घेऊन. वऱ्हाडी बोलीतली ती भांडणं ओळखीची वाटतील. नागपूर म्हणजे बेसा ते विमानतळ एवढंच माहीत असलेल्या तरुणाला वसंत मून यांचं ‘वस्ती’ द्या. दलित आत्मकथन म्हटलं की तो दबकत हातात घेईल. आत खेळ, तालमी, सिनेमे आणि चळवळ यांनी गजबजलेलं जुनं नागपूर सापडेल. ज्यांच्या डोळ्यांना बारीक टाइप झेपत नाही अशा आजीला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवा. टिळक दांपत्याचे काही दिवस नागपुरातही गेले. आणि स्वतःवर हसणारी इतकी मिश्किल बाई मराठीत दुसरी मिळणं अवघड. आणि सोसायटीच्या कार्यकारिणीला, अगदी सक्तीनं, ‘बटाट्याची चाळ’. त्यातली गच्चीची चळवळ वाचून पार्किंगचा पुढचा वाद थोडा सौम्य होईल.

या नावांत हलकं किती आणि भारी किती, मोजून पाहा. मी मोजलं नाही, कारण ती वर्गवारी मला कुठे लागलीच नाही. प्रत्येक नावापुढे एक माणूस आहे आणि त्याची एक आवड.

तेव्हा माझा उपठराव असा. कपाटाचं कुलूप काढा; चार पुस्तकं हरवतील, हरवू द्या, ती कोणाच्या तरी घरी वाचली जात असतील. निवड समितीत बारा-तेरा वर्षांची दोन मुलं आणि सत्तरी उलटलेलं एक माणूस घ्या, आणि त्यांना मतदानाचा पूर्ण अधिकार द्या. तीसेक पानांत पुस्तक आवडलं नाही तर ते परत करण्याचा हक्क वाचकाला द्या, कारण विचारू नका. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर वाचणाऱ्यानं फक्त एवढंच लिहावं: कोणाला आवडेल. आणि बेसा-पिपळा नगरपंचायतीकडे रस्ते आणि नाल्या मागताना, पगारी ग्रंथपाल असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचीही मागणी करा. क्लबहाउसचं कपाट त्याची जागा घेऊ शकत नाही.

संस्कारांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एकही ग्रंथ मी बाहेर काढायला सांगत नाही. त्यांनी तो जरूर ठेवावा, आणि एखाद्याला द्यावा. फक्त देताना ‘वाचलाच पाहिजे’ असं म्हणू नये. आपल्याला त्यात कुठे हसू आलं, कुठे झोप उडाली, ते सांगावं. ज्याला ते सांगता येत नसेल, त्यानं तो ग्रंथ बहुधा स्वतःही वाचलेला नाही, आणि मग दुसऱ्यांसाठी कपाट भरण्याचा अधिकार त्याला कशावरून मिळाला, हे पुढच्या बैठकीत विचारायला हरकत नाही.